महिन्याचा बाजार: सूट देणारं मार्ट, रविवार पेठ की गल्लीतलं दुकान?

अनगोळची_सून
पगार झाला की आमच्या घरात हा वाद ठरलेला, म्हणून इथं मांडतेय. नवऱ्याचं म्हणणं, सगळा किराणा डीमार्टसारख्या सूट देणाऱ्या दुकानातून एकदाच भरावा. एमआरपीपेक्षा कमी पडतं, गाडी लावायला जागा असते, छापील बिल मिळतं. सासूबाईंचं म्हणणं, तांदूळ, डाळी, मिरची, गूळ बेळगावच्या रविवार पेठेच्या बाजारातूनच आणायचं, आणि साबण, चहापूड, बारीकसारीक गल्लीतल्या अण्णांकडून घ्यायचं, कारण वाईट दिवसांत त्यांनी आमची उधारीची वही चालवली. दोघंही हट्टाला पेटतात आणि हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

तर कुठं काय खरंच स्वस्त पडतं, हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांनी सांगा. आणि एक मनातलं. मार्टच्या भरलेल्या पिशव्या घेऊन अण्णांच्या दारावरून जाताना मला अवघडल्यासारखं होतं. तुम्हाला होतं का?

तिसरं_गेट
अवघडायचं कशाला? पैसा आपल्या कष्टाचा. जिथं चार रुपये वाचतात तिथं जायचं की.

जमाखर्च
मी व्यापाऱ्यांचे हिशेब बघतो, त्यामुळं पहिल्या प्रश्नावर लिहितो.

ही दुकानं स्वस्त कशी देतात ते आधी समजून घ्या. राधाकिशन दमाणी यांच्या डीमार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला निघालं. त्यांची पद्धत ठरलेली आहे. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची घ्यायची, म्हणजे दरमहा भाडं नाही. माल पुरवणाऱ्याचे पैसे लवकर द्यायचे, म्हणजे तो खरेदीत जास्त सूट देतो. आणि माल निवडक ठेवायचा, जो भराभर खपतो तोच. पडून राहणाऱ्या मालात पैसा अडकत नाही, झगमगाटावर खर्च नाही. याउलट बिग बझार भाड्याच्या जागांवर आणि कर्जावर पसरत गेलं आणि २०२२ मध्ये त्याच्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. म्हणजे नुसतं 'मोठं दुकान म्हणून स्वस्त' असं नसतं.

आता तुमच्या पिशवीचं. धुण्याची पावडर, भांड्याचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, डायपर यांवर मार्टमध्ये सूट चांगली मिळते, कारण या मालात एमआरपी आणि खरेदी यांत अंतर जास्त असतं. साखर, तेल हे गिऱ्हाईक ओढायला कमी भावात लावतात. सुटं धान्य, डाळी यांत फरक फार नसतो, कधी उलटाही असतो. पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापलेला असतो, तो छापणं आता सक्तीचं आहे. तो वाचा. मोठं पाकीट घेतलं म्हणजे स्वस्तच पडलं, हे दर वेळी खरं नसतं. 'एकावर एक फुकट'च्या मालाची मुदतही बघून घ्या.

मलप्रभा
जमाखर्च, छान लिहिलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला, तो फायदा सगळ्याच दुकानांत मिळायला पाहिजे. तो मार्टची सूट म्हणून मोजू नये.

वहीवाला
माझ्या वडिलांचं वडगावात किराणा दुकान आहे, त्यामुळं पलीकडची बाजू सांगतो.

कंपनीचा साबण, बिस्किटं आम्हाला वितरकाकडून येतात. त्यात आम्हाला सुटतात जेमतेम आठ-दहा टक्के. मार्ट गिऱ्हाइकाला ज्या भावात देतं, तो काही वेळा आमच्या खरेदीच्या खाली असतो. हे रडगाणं आमचं एकट्याचं नाही. २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला होता, तो याच कारणावरून. मोठ्या दुकानांना आणि ऑनलाइनवाल्यांना एक दर, आम्हाला दुसरा, हे त्यांना सोसेना. आता सांगतोच आहे तर हेही सांगतो: मार्टला ऑफर लागली की आमच्यासारखे बरेच दुकानदार तिथूनच माल उचलतात. वितरकापेक्षा स्वस्त पडतो.

पण आमचं गिऱ्हाईक कोण, ते बघा. वडगाव, खासबाग, शहापूर म्हणजे मागवाल्यांची वस्ती. विणकराला, मागावरच्या कामगाराला पगार आठवड्याला. त्यानं महिन्याचा बाजार एकदम कुठून भरायचा? तो पाव किलो तूरडाळ नेतो, शाम्पूची पुडी नेतो. माग बंद पडला, साड्यांचा उठाव थांबला, की आठवडेच्या आठवडे वही चालते. २०२० च्या टाळेबंदीत मागाचा आवाज बंद झाला होता, तेव्हा वडिलांनी कुणालाही परत पाठवलं नाही.

आता ही उधारी येते कुठून? तुमच्यासारख्या पगारदार घरांतून. महिन्याला रोख देणारी चाळीस-पन्नास घरं असतात, तेव्हा दुकानदार बाकीच्यांना थांबू शकतो. रोखवाले मार्टला गेले की राहतात फक्त उधारवाले, आणि मग वही बंद करावी लागते. वडिलांनी गेल्या वर्षी नवीन नावं लिहिणं थांबवलं. अनगोळच्या ताई, तुम्हाला अवघडल्यासारखं का होतं, त्याचं माझ्या मते हे कारण आहे. तुमची वही कधीच मिटली असेल, पण तुमच्या रोखीवर दुसऱ्या कुणाची तरी चालू असते.

गोवावेस
हे असं कधी लक्षातच आलं नव्हतं. वडिलांना नमस्कार सांगा.

नंदगडची_रेणुका
वहीवाले दादा, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण सगळे दुकानदार तसे नसतात, म्हणून मी वेगळं लिहिणार.

आमच्या खानापूर तालुक्यात गावात एकच दुकान असलं की तो म्हणेल तो भाव. पाकीट जुनं असलं तरी तेच घ्यायचं. वहीवर किती लिहिलंय ते विचारलं की तोंड वाकडं. उधारी आहे म्हणून दुसरीकडं जाता येत नाही, गेलं की गावभर कळतं. माझ्या आईचा अर्धा जन्म त्या वहीत गेला. ज्याच्याकडं उधारी त्याच्याकडंच शेतातला माल घालायचा, हे पण होतंच.

जून २०२३ पासून आम्हा बायकांना कर्नाटकच्या सरकारी साध्या बसला तिकीट नाही, ऑगस्टपासून गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार सुरू झाले. मागं-पुढं होतात, पण येतात आणि माझ्या नावावर येतात. आता आम्ही चार-पाच जणी मिळून बेळगावला जातो. मार्टमध्ये गाडा घेऊन फिरताना कुणी विचारत नाही, तू कोण, कुणाची, पैसे आहेत का. भाव लिहिलेला असतो. हातात घेऊन बघायचं, नको वाटलं तर परत ठेवायचं. सासऱ्यांना न विचारता मी स्वतः मुलीसाठी डबा निवडून आणला, त्याचं मला अजून अप्रूप आहे. शिकलेल्या शहरी लोकांना तिथं जाणं म्हणजे गल्लीतल्या दुकानदाराशी बेइमानी वाटत असेल. आम्हाला तिथं पहिल्यांदा कुणाचं मिंधं नसल्यासारखं वाटलं.

तिसरं_गेट
टाळ्या!

वहीवाला
रेणुकाताई, तुमचं खोडून काढता येणार नाही. वहीनं माणूस बांधला जातो, हे मी पण बघितलंय. आमच्याकडं वहीची एक प्रत गिऱ्हाइकाच्या हातात असते, दोन्हीकडं एकाच वेळी लिहायचं. निदान एवढं सगळ्यांनी करावं.

शिनोळी_नाका
रेणुकाताईंचं वाचून आमचं दुखणं सांगतो. चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण आमचा बाजार पिढ्यान्‌पिढ्या बेळगावचा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. शिनोळीपर्यंत अर्धं, पुढं पूर्ण. कर्नाटकच्या बसमध्ये बसलं तर मोफत प्रवास फक्त तिकडच्या बायकांना. त्यामुळं माझी बायको जाते तेव्हा वाचवलेले पैसे प्रवासातच जातात. आम्ही मग दोन-तीन घरं मिळून एका गाडीतून जातो. तेव्हाच परवडतं.

निपाणीकर
आमचं उलटं. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळं निम्मी निपाणी मार्टसाठी कोल्हापूरला जाते, आणि कागलकडचे लोक पूर्वी डिझेल भरायला इकडं यायचे. कोगनोळीचा टोल धरला तर किराण्यातली सूट गेलीच म्हणायची. पण लोक एवढा हिशेब करत नाहीत. अंबाबाईचं दर्शन, रंकाळा, जेवण आणि येताना मार्ट, असा दिवस असतो तो. पोरं खूश असतात. मी याला खरेदी म्हणत नाही, सहल म्हणतो, आणि सहलीचे पैसे वेगळे धरतो.

खुर्चीसम्राट
आमच्या शेजारच्या काकांनी ऑफरमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या इतक्या आणल्यात, की यंदा गणपतीत मंडळानं मांडववाल्याकडून खुर्च्या घेतल्याच नाहीत. काकांना पहिल्या रांगेत बसवलं, त्यांच्याच खुर्चीवर.

गोवावेस
आणि बादल्या? आमच्या अपार्टमेंटमध्ये एकाकडं पाण्यापेक्षा बादल्या जास्त आहेत.

कडोलीचा_शेतकरी
धागा मिरची-तांदळाकडं वळवतो, कारण ताईंच्या सासूबाईंचं कुणी नीट ऐकून घेतलेलं दिसत नाही. त्यांचं बरोबर आहे.

आमच्या भागात पिकणारा बेळगावी बासमती घरात शिजला की गल्लीला कळतो. दाणा बारीक, वास नैसर्गिक. पीक थोडं, त्यामुळं देशभर दुकानं असणाऱ्याला तो पुरेसा मिळणार नाही, आणि त्याला एवढ्याशा मालाची गरजही नाही. मार्टमध्ये तुम्हाला पंजाब-हरियाणाचा लांब दाण्याचा बासमती मिळेल, तो बिर्याणीला चांगला. रोजच्या भाताला इंद्रायणी किंवा आपला इकडचा पाहिजे. नोव्हेंबर-डिसेंबरात भात निघतं. नवा तांदूळ चिकट होतो, म्हणून जाणती माणसं एक वर्ष जुना मागतात. पेठेतला व्यापारी मूठभर दाणे हातावर ओतून दाखवतो, दाताखाली धरून बघू देतो. पाकिटावर 'जुना' लिहिलेलं असतं, पण किती जुना ते लिहीत नाहीत.

दुसरं, कराचं. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या छापील पॅक धान्यावर पाच टक्के जीएसटी आहे. सुट्टं वजन करून दिलेल्याला नाही. म्हणूनच सव्वीस किलोची पोती आली. मार्टमधली पाच किलोची पिशवी घेता तेव्हा तो कर भावात धरलेला असतो. घर मोठं असेल तर दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक पोतं घ्यावं. किंवा सरळ आमच्याकडं यावं. शेतकऱ्याच्या दारात घेतलं तर दोघांचाही फायदा.

टेंगिनकेरा
पेठेचं एवढं कौतुक वाचून थोडं विरुद्ध लिहिते. सुट्ट्या डाळीत खडे, धुरळा, पॉलिश केलेली डाळ, काट्यावर बोटाची करामत, हे सगळं मी बघितलंय. एकानं मला नव्या मिरचीत जुनी मिसळून दिली आणि बिलच दिलं नाही, मग तक्रार कशाच्या आधारावर करायची? पाकिटावर निदान पॅक केल्याची तारीख, वजन, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेच्या सरकारी परवान्याचा) नंबर असतो. ओळख असलेल्याला पेठ चांगली. बेळगावला नोकरीसाठी आलेल्या माझ्यासारखीला ओळख व्हायलाच काही वर्षं जातात.

शहापूरची_मामी
टेंगिनकेरा, मिरची देठ बघून घ्यायची गं. देठ हिरवट-पिवळा आणि घट्ट असला तर नवी. देठ काळपट, हाताला लागताच गळणारा, तर जुनी. फोडून आत बघायची, पांढरी बुरशी असली तर बाजूला. ब्याडगी सुरकुतलेली असते, ती रंगाला. संकेश्वरी तिखटाला. नुसत्या ब्याडगीचा मसाला लालभडक दिसतो, पण जिभेला लागत नाही. मी दोन वाटे ब्याडगी, एक वाटा संकेश्वरी घेते. तुला यायचं असेल तर माझ्याबरोबर चल, आमचा दुकानदार ठरलेला आहे. तो बोलतो कानडी, मी मराठी, हिशेब दोघांना कळतो.

तयार तिखटाचं पाकीट मात्र मी घरात येऊ देत नाही. मार्टमध्ये मिळू दे की आणि कुठं मिळू दे.

मलप्रभा
मिरचीच्या भावावरून आठवलं. मार्च २०२४ मध्ये ब्याडगीच्या बाजार समितीत भाव कोसळले, तेव्हा शेतकऱ्यांनी गाड्या जाळल्या होत्या. त्या दिवसांत पेठेत सुट्टी मिरची उतरलेली मी स्वतः घेतली, आणि तिखटाच्या पाकिटावरची किंमत तशीच होती. शेतकरी बुडाला, गिऱ्हाइकालाही फायदा नाही, असं पाकिटाच्या बाबतीत होतं. याचा मला फार राग येतो.

बसवणकुडची
एका मोठ्या दुकानात माझ्या बाबतीत घडलेलं सांगतो. फळीवर एक भाव, बिलात जास्त. काउंटरवरच्या पोरीनं ओरडा खाल्ला, खरं तर तिचा दोष नव्हता, संगणकात नवा भाव चढलेला आणि फळीवरची चिठ्ठी जुनी. फरक परत दिला, पण मी बघितलं म्हणून. त्यामुळं भाव लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो काढत जा, आणि बिल दुकानातच तपासा, घरी गेल्यावर नको. एमआरपीपेक्षा जास्त घेतलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सांगता येतं. पिशवी घरून न्या, तिथल्या पिशवीचे पैसे पडतात.

आणि त्या पोरांबद्दल जरा विचार करा. दिवसभर उभं राहून काम. आमच्या गावातल्या दोन मुली तिथं कामाला आहेत. कानडी, मराठी, हिंदी तिन्ही बोलतात. त्यांच्यावर खेकसू नका.

नंदगडची_रेणुका
हे फार बरं लिहिलंत. माझी भाची पण असंच काम करते. घरात पगार आणते म्हणून तिच्या लग्नाची घाई थांबली.

गोवावेस
वहीवाला, एक विचारू? रोखीवाल्यांनी परत यावं म्हणता, पण साबणावर शंभरभर रुपये जास्त द्यायचे का? तेवढा दानधर्म सगळ्यांना जमत नाही.

वहीवाला
अजिबात देऊ नका. साबण, पावडर तुम्ही तिकडंच घ्या, त्यात आम्ही टिकूच शकत नाही आणि त्यात आम्हाला सुटतंही थोडं. आमच्याकडं सुट्टा माल घ्या: डाळी, पोहे, रवा, शेंगदाणे, गूळ, खोबरं. तो आम्ही पेठेतून स्वतः आणतो, भाव मार्टच्या बरोबरीनं लावता येतो आणि त्यात चार पैसे मिळतात. नुसतं कोथिंबीर-काडेपेटीपुरतं दुकानात आलात तर त्यावर दुकान चालत नाही.

जमाखर्च
वहीवाल्यानं नेमकं सांगितलं. हिशेबानंही तेच बरोबर.

अनगोळची_सून
सगळ्यांचं वाचलं, घरातही मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाईंनी कडोलीच्या दादांचं दोनदा वाचायला लावलं.

आम्ही बसून यादी केली. धुण्या-भांड्याचं, साबण, टूथपेस्ट, तेल मार्टमधून, दोन महिन्यांतून एकदा. तांदूळ जाऊबाईंच्या घराबरोबर मिळून एक पोतं. डाळी, पोहे, रवा, गूळ अण्णांकडून, रोख. नवरा कुरकुरला, एवढ्या ठिकाणी कोण फिरणार. पण प्रति किलो भाव समोर ठेवल्यावर गप्प बसला.

मग अण्णांशी बोलले. सरळ सांगितलं, साबण आम्ही तिकडं घेतो. ते म्हणाले, ते मला ठाऊकच आहे, तुमच्या गच्चीवर वाळणाऱ्या पिशव्या दिसतात की. तूरडाळीचा मार्टचा भाव विचारून घेतला आणि त्याच भावात दिली. त्यांच्या वहीत अजून कितीजण आहेत ते मी विचारलं नाही, पण काउंटरवर तीन वह्या होत्या.

रेणुकाताई, तुमचं लिहिणं मनात घर करून राहिलंय. उधारीतल्या माणसाच्या बाजूनं मी कधी बघितलं नव्हतं, आमच्या घरात उधारीचं फक्त कौतुकच ऐकलं होतं. पुढच्या वेळी बेळगावला आलात तर कळवा, चहाला या.

नंदगडची_रेणुका
नक्की येते. येताना आमच्याकडचा तांदूळ आणते, कडोलीवाल्यांना राग येऊ दे.

कडोलीचा_शेतकरी
राग कसला, दोन्ही शिजवून बघा आणि इथं लिहा.

टेंगिनकेरा
मामी, मिरचीला कधी जाताय? शिवरात्रीनंतर की पाडव्याच्या आधी?

शहापूरची_मामी
शिवरात्रीनंतर आठ दिवसांनी. तोवर आवक वाढलेली असते आणि ऊन पण चांगलं पडतं, वाळवायला सोपं. शनिवार सोडून जाऊ, शनिवारी बाजारामुळं पेठेत पाय ठेवायला जागा नसते. दोन कापडी पिशव्या घे, प्लास्टिकमध्ये मिरचीला घाम येतो. आणि अनगोळच्या सुनबाईंना पण विचार, सासूबाईंना घेऊन या म्हणावं.